ओळखीची वस्तू

मोर्शी
११ नोव्हेंबर २०२४

सीमाताई,

मी तीन मेसेज पाठवले. तिन्हींना तुमचा अंगठा आला. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी कोण ते सांगायला हवं. आपण दोनदाच भेटलो आहोत, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयतीत. मी गीतांजली, नितेशची बायको, तुमची भावजय. तुमच्या वडिलांचं सध्या सगळं मी करते. सगळं म्हणजे आंघोळ, दाढी, जेवण, धोतर बदलणं, शोधून आणणं.

मामाजींच्या आजाराला डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं आहे. तुमचा भाऊ अजून 'वय झालं' म्हणतो. संत्र्याचं झाड बघून मामाजी त्याचं वय सांगतात. माणसं ओळखत नाहीत. मी त्यांच्यासाठी 'बाई' आहे. नितेश कधी त्यांचे धाकटे भाऊ असतात, कधी व्यापाऱ्याकडून आलेला माणूस. व्यापाऱ्याचा माणूस झाले की जेवायला मिळत नाही.

आता कामाचं लिहिते. माझ्या गर्भाशयात गाठी आहेत. रक्त फार जातं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल. आधी रक्त भरून निघू द्या, पण जानेवारीच्या पुढे ढकलू नका. ऑपरेशननंतर मला भरलेली बादली उचलायची नाही. मामाजी बादलीपेक्षा जड आहेत.

तेवढे दिवस तुम्ही इथे यावं, असं माझं म्हणणं आहे. आमच्या मुलाला, शिवमला, पुण्यात नवी नोकरी लागली आहे, त्याला सुट्टी नाही. माझी आई बाळापूरला स्वतःच काठीवर चालते. मैना नावाची बाई ठेवली होती. मामाजींनी तिला चोर म्हटलं, ती गेली. दुसरी कुणी टिकली नाही.

नितेश तुम्हाला विचारणार नाहीत. मी पत्र लिहिते म्हटल्यावर म्हणाले, "तिले काहून बोलावतं? इतकी वर्सं आली नाही, आता येनार हाय काय?"

तुम्ही का येत नाही ते मला ऐकून माहीत आहे. मी तेव्हा या घरात नव्हते. सासर सोडून तुम्ही इथे आलात, मामाजींनी त्याच संध्याकाळी परत पाठवलं. तुम्ही सासरी गेला नाहीत, अकोल्याला गेलात, आणि मग इथे कधीच आला नाहीत. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक यावर मी काही बोलणार नाही. मला वेळही नाही.

तुम्ही डिमेन्शिया झालेल्यांच्या घरच्या लोकांसाठी ऑनलाइन वर्ग घेता हे मला डॉक्टरांच्या भिंतीवर लावलेल्या कागदावरून कळलं. खाली तुमचा फोटो होता. मी तो फोनमध्ये काढून नितेशना दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "चष्मा लागला वाटते तिले."

हो किंवा नाही, उत्तर द्या.

गीतांजली


मोर्शी
२७ नोव्हेंबर

सीमाताई,

पत्राचं उत्तर फोनवर आलं. उत्तर म्हणजे एक लिंक, आणि खाली तुमचं वाक्य : "वर्गात या, मार्ग निघेल."

मी विचारलं होतं, याल का. तुम्ही मलाच बोलावलंत.

आले. पहिल्या दिवशी आवाज बंद कसा करायचा ते शिकले, दुसऱ्या दिवशी चालू कसा करायचा ते. तुम्ही चांगलं शिकवता. घाई करत नाही, कुणाला हसत नाही. पण वर्ग संध्याकाळी का? या आजारातली सर्वांत अवघड वेळ कोणती, असं तुम्हीच आम्हाला विचारलंत, आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. संध्याकाळ. नेमक्या त्या वेळी आम्ही सगळे फोनसमोर बसलेलो आणि ज्यांच्यासाठी बसलो ते मागे दार शोधताहेत.

गुरुकुंज मोझरीचे ते डोमाजी आहेत म्हणून बसवतं. त्यांची बायको सुभद्रा आजारी आहे आणि त्यांना आवाज बंद करता येत नाही. परवा तुम्ही सांगत होता, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. मध्येच त्यांचा आवाज आला, "अवं साबन हाय ते, पेढा नोहे! थुक!"

"डोमाजी, म्यूट करा."

"करून राहिलो म्याडम. ते बटन कुठी गेलं काय मालूम, काल इथंच होतं."

तुम्हीही हसलात. मी पाहिलं.

तुम्ही सांगितलेलं ॲप घेतलं. औषधाची वेळ झाली की त्यातून एक बाई बोलते, "नमस्कार, गोळीची वेळ झाली आहे." मामाजी उठून खुर्ची पुसतात. मला म्हणतात, "चाय ठेव व, बाई आली." मग बाई आत येत नाही म्हणून चिडतात आणि ती चीड माझ्यावर निघते. बोलणारी बाई काढून घंटा लावली. आता घंटा झाली की आरतीला उभे राहतात. हात जोडलेल्या माणसाला गोळी देता येत नाही.

त्याच ॲपमध्ये दर आठवड्याला आपल्याला किती थकवा आला ते विचारतात. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत तोंडं काढली आहेत, त्यातलं एक दाबायचं. मी प्रत्येक प्रश्नाला रडकं दाबलं. उत्तर आलं : "तुम्ही एकट्या नाही. आज थोडा वेळ स्वतःसाठी काढा." तो वेळ मी ते ॲप बंद कसं करायचं ते शोधण्यात घालवला.

आरशावर कापड टाका, हे मात्र लागू पडलं. मामाजी आरशातल्या म्हाताऱ्याशी रोज भांडत होते. "माह्या घरात काहून घुसला बे?" कापड टाकलं, म्हातारा गेला. इतके डॉक्टर झाले, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. त्यामुळे तुमच्यावरचा राग मला नीट धरता येत नाही, आणि तेही त्रासदायक आहे.

वर्गात तुम्ही मला 'मोर्शीच्या ताई' म्हणता. मोर्शी कुठल्या बाजूला आहे ते माहीत नसल्यासारखं.

या पत्रातही तोच प्रश्न आहे. जानेवारीत याल का?

गीतांजली


मोर्शी
१५ डिसेंबर

सीमाताई,

आधी चांगलं लिहिते, मग दुसरं.

माणसाच्या हातात त्याच्या जुन्या ओळखीची वस्तू द्या, असं तुम्ही सांगितलंत. ज्या वस्तूशी त्याचे हात पूर्वी काम करत होते ती. विळा देता येत नाही. कात्री देता येत नाही. त्यांचा बटणांचा जुना फोन कपाटात होता, तो चार्ज करून दिला. सिम चालू आहे. नितेश त्यात पैसे भरत असतात. माझा स्वार्थ असा की ते माझा फोन ओढणार नाहीत, आणि कुठे गेले तर निदान घंटी तरी वाजेल.

फोन हातात घेतला आणि चेहरा बदलला. अंगठ्याने बटणं चाचपली. बंडीच्या खिशात ठेवला, काढला, परत ठेवला. दुपारभर पायरीवर बसून असतात. कानाला लावतात, ऐकतात, खिशात ठेवतात. हाका नाहीत, आदळआपट नाही. मी बऱ्याच दिवसांनी बसून जेवले. तुमचा सल्ला होता म्हणून हे तुम्हाला कळवायला हवं.

आता कालचं.

वर्ग चालू होता. डोमाजींनी तुम्हाला विचारलं, "म्याडम, आमचं सारं तुमाले मालूम. तुमच्या घरी कोन हाय असं?"

तुम्ही म्हणालात, "माझ्या घरी आता कोणी नाही."

त्याच वेळी मामाजी माझ्यामागून आले आणि खाली वाकून फोनमध्ये बघू लागले. मी त्यांना आणलं नव्हतं. तुम्हाला तसं वाटलं असेल तर तो विचार काढून टाका.

ते म्हणाले, "हे बाई काय इकून राहिली?"

"काही विकत नाहीत मामाजी. शिकवतात."

"बिमावाली नोहे ना?"

"नाही."

"मंग चांगली हाय." आणि माझ्या बाजूला मांडी घालून बसले.

तुमची चौकट काळी झाली. त्यात तुमच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं राहिलं.

डोमाजी म्हणाले, "म्याडम गेल्या. अकोल्याची लाइन गेली काय?"

लाइन गेली नव्हती. तुमचा आवाज चालू होता. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग काहीच नाही. आम्ही सगळे आपापल्या चौकटीत बसून राहिलो. मामाजीही बसून राहिले. मध्ये मला विचारलं, "थे बाई कुठी गेली?" मग तुमचा मेसेज आला : "तांत्रिक अडचणीमुळे वर्ग थांबवत आहे."

तुम्ही त्यांना किती वर्षांनी पाहिलं ते मला कळतं. खुर्ची का सरकली तेही कळतं. पण ताई, मला तांत्रिक अडचण आली असं लिहून उठता येत नाही. मी कॅमेरा बंद केला तरी ते इथेच असतात.

डॉक्टरीणबाईंनी २४ जानेवारी ही तारीख दिली आहे. नितेशना मी अजून सांगितलेली नाही. संत्र्याचा बगिचा ताणावर आहे, आत्ता त्यांच्याशी कुणी बोलू शकत नाही. तुम्हाला आधी सांगते आहे.

गीतांजली


मोर्शी
२ जानेवारी २०२५

सीमाताई,

बहर गेला.

अकोल्यात राहून विसरला असाल तर सांगते. डिसेंबरात बगिच्याचं पाणी तोडतात, ताण देतात. झाडं सुकू देतात, पानं खाली झुकतात, बघवत नाही अशी होतात. मग जानेवारीच्या मध्यावर पाणी सोडलं की सगळं झाड एकदम फुलावर येतं. त्याआधी पाणी मिळालं तर झाडाला वाटतं संकट टळलं. मग फूल येत नाही, नुसती कोवळी पालवी फुटते. तिला इथे नवती म्हणतात. दिसायला सुंदर असते. तिला संत्रं लागत नाही.

विहिरीवरच्या मोटरला फोनचा स्टार्टर आहे. घरून फोन लावायचा, तिकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलते, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. एक दाबलं की मोटर चालू. हा स्टार्टर मामाजींनीच बसवला होता, तेव्हा ते बरे होते. त्यात नंबर कुणाचा असणार? त्यांचाच. त्या बटणांच्या फोनचा. ताणाच्या दिवसांत नितेश मोटर बंद ठेवतात. बगिच्याकडे जाणाऱ्या पाइपचा वॉल बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही. मोटर लावायची नाही म्हटल्यावर वॉल कशाला बंद करायचा? या गावात कुणीच करत नाही.

मला वाटत होतं, ते कानाला फोन लावून खेळतात. ते विहिरीला फोन लावत होते. माणसांची नावं गेली, माझं नाव तर कधी नव्हतंच, पण तो नंबर अंगठ्याला येत होता. "हाव. चालू ठेव," असं ते कुणाला तरी म्हणायचे. मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि बरं वाटायचं की कुणाशी तरी बोलताहेत.

बगिचा घरापासून लांब आहे. नितेश गव्हात होते. भगवंत, आमचा सालदार, लग्नाला गेला होता. नितेश चार-पाच दिवसांनी बगिच्यात गेले तेव्हा पानं टवटवीत दिसली. ते घाबरून पळत विहिरीवर गेले. मोटर चालू होती.

घरी आले ते सरळ पायरीशी गेले. मामाजींच्या खिशातून फोन काढला.

"हा फोन कोनं देल्ला?"

"मी."

"काहून?"

"वर्गात सांगितलं होतं. ओळखीची वस्तू द्या म्हणून."

"कोनं सांगतलं?"

मी नाव घ्यायच्या आधीच त्यांना कळलं.

"तिनं! अकोल्यात बसल्या बसल्या बगिचा बुडवला माहा. घरी यासाठी टाइम नाही तिले, अन् सल्ले देऊन राहिली साऱ्या जिल्ह्याले!"

मामाजी उभे राहिले. म्हणाले, "बोंबलतं काहून? पानी देल्लं म्या. झाडं वाळून राहिले होते."

जन्मभर झाडांना ताण दिलेला माणूस. त्यांना झाड वाळलेलं दिसलं आणि पाणी द्यावंसं वाटलं. मध्ये जे कळायला लागतं तेवढंच गेलं आहे.

मी तुम्हाला दोष देते का? देते. तुमचं वाक्य अकोल्यात बरोबर असेल. तिथे कुणाच्या हातात जुना रेडिओ देतील, जुना चष्मा देतील. इथे ओळखीची वस्तू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असायला हवं होतं. तुम्ही याच पायरीवर बसून वाढलात. स्वतःला दोष देते का? तेही देते, पण ते मला रोजचं आहे.

फोन आता नितेशच्या खिशात असतो. मामाजी रात्रंदिवस तो शोधतात. गाद्या उलटतात. काल माझा हात पिरगाळला.

गीतांजली


मोर्शी
९ जानेवारी

सीमाताई,

तुमचा मेसेज वाचला. "सल्ला सर्वसाधारण असतो, प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिस्थितीनुसार विचार करावा. झालेल्या नुकसानीबद्दल वाईट वाटलं." असं पत्र मला वीज कंपनीकडूनही येतं.

नितेशना तारीख सांगितली. ते म्हणाले, आता मृग बहर धरावा लागेल, उन्हाळ्यात पुन्हा ताण, पुन्हा पाणी, पुन्हा राखण. ऑपरेशन जूननंतर बघू. मी म्हटलं, जूनपर्यंत मी असेन का ते विचारा डॉक्टरीणबाईंना. ते म्हणाले, "तू बी ना, भलतंच बोलतं." मग बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसले. पुसलेली होती.

परवा न्हाणीघरात मला चक्कर आली. मामाजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या बाईला हाक मारली, "इथं कोन्या बाईले बरं नाही वाटते." एवढं त्यांना कळलं. तिने मला उचललं. जमिनीवर रक्त होतं. नितेशनी ते पाहिलं. त्यांनी स्वतः पाणी ओतून धुतलं. संध्याकाळी म्हणाले, "चोवीसले जाऊ." म्हणजे मी जाणार हे नक्की झालं. मागे कोण, हे नक्की झालं नाही. नितेशना भाकरी येत नाही, आणि बापाचं धोतर बदलायला त्यांचा हात पुढे होत नाही. मी कुरकूर करत नाही, आहे ते लिहिते.

काल डोमाजींचा फोन आला. वर्गाच्या ग्रुपवरून नंबर घेतला म्हणाले. मी एकदा तिथे ऑपरेशनचं लिहिलं होतं, तुम्ही त्यावर फूल टाकलं होतं.

ते म्हणाले, "बाई, म्या येऊ काय तुमच्या घरी? सुभद्रेले संग आनतो. दोघं म्हातारे एका बाजीवर बसवू. हे त्याले वळखनार नाही, तो हिले वळखनार नाही. भांडाले जागाच नाही!"

मी हसले. हसताना पोटात कळ आली.

"हासू नका, म्या खरं सांगून राहिलो," ते म्हणाले. "भाकरी येतात मले. वाकड्या येतात, पन येतात."

त्यांना मी ओळखत नाही. त्यांचा चेहरा कधी पूर्ण पाहिलेला नाही, कॅमेऱ्यात त्यांचं कपाळ तेवढं दिसतं. ते यायला तयार आहेत.

मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. अठरा तारखेपर्यंत थांबते. तुमचं उत्तर आलं नाही तर मामाजींच्या, म्हणजे पंजाबरावांच्या, घरी मोझरीचे डोमाजी भाकरी करतील, आणि ते मी ग्रुपवर लिहीन. तुमच्या वडिलांच्या पूर्ण नावानिशी.

ही धमकी आहे. तसंच समजा.

गीतांजली


मोर्शी
१९ जानेवारी

सीमाताई,

"येते. बावीसला. त्यांना मी कोण ते सांगू नका."

सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही.

नितेशना मेसेज दाखवला. त्यांनी तुमच्यासाठी माडीवरची खोली झाडली. मी म्हटलं खालची द्या, रात्री उठावं लागतं. म्हणाले, "वरची तिची होती." मग दोन्ही झाडल्या.

थोडं लिहून ठेवते, कारण बावीसला मी बोलण्याच्या मनःस्थितीत नसेन. मामाजींना चहा स्टीलच्या पेल्यात लागतो. कप दिला तर पाहुण्यांसाठी ठेवून देतात. आंघोळीचं पाणी त्यांच्यासमोर ओतू नका, वाया चाललं म्हणून ओरडतात. आरशावरचं कापड काढू नका, केस विंचरायला माझा छोटा आरसा कपाटात आहे. गोळ्या गुळाच्या खड्यात. जेवताना कुणी बोललं की घास विसरतात, म्हणून गप्प बसायचं. मला ते जमतं. तुम्ही दिवसभर बोलण्याचं काम करता, तुम्हाला जड जाईल.

'मला ओळखलं का' असं विचारू नका. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. तरी तुम्ही विचाराल असं मला वाटतं.

ओसरीत कॅमेरा बसवला आहे. बगिच्याच्या प्रकारानंतर नितेशनी आणला. त्यात चित्र दिसतं, आवाज येत नाही. मी दवाखान्यातून अधूनमधून बघेन. तुमच्यावर नजर ठेवायला म्हणून नाही. सवय लागली आहे.

डोमाजींना कळवलं, माणूस मिळालं. म्हणाले, "कोन मिळालं?" मी म्हटलं, घरचंच.

गीतांजली


अमरावती
२९ जानेवारी

सीमाताई,

ऑपरेशन नीट झालं. टाके ओढतात, बाकी ठीक. काढलेली पिशवी डॉक्टरीणबाईंनी नितेशना बोलावून दाखवली. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले ते दुपारपर्यंत आत आले नाहीत.

आज ते डबा घेऊन आले आणि म्हणाले, "ताई उद्या निघून राहिली."

"का?"

"बाबानं 'जाय' म्हटलं म्हने तिले."

मग बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसले. "म्या काय करू? म्या तिले 'राहाय' म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं."

मी काल संध्याकाळी कॅमेऱ्यात पाहिलं होतं. तुम्ही पेला खाली ठेवलात. मामाजी उठले, दाराशी गेले, दार उघडून धरलं आणि हात बाहेर केला. तुम्ही उभ्या राहिलात. आत जाऊन बॅग आणलीत, परत ठेवलीत. आवाज येत नसला तरी ते काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगू शकते. "दिवस बुडून राहिला. आपल्या घरी जाय, बाई. लोकं नावं ठेवतात."

हे ते रोज म्हणतात. दिवस मावळला की म्हणतात. मला म्हणतात, आणि मी या घरची सून आहे. मैनाला म्हणायचे. नितेशना म्हणतात, "घरी जाय बाप्पा, तुहा बाप वाट पाहत असन." आतापर्यंत त्या वेळी तुम्ही माडीवर वर्ग घेत होता, म्हणून ऐकलं नसेल.

तुम्ही सासर सोडून आलात त्या संध्याकाळी मामाजींनी तुम्हाला हेच शब्द सांगितले होते, हे मला नितेशकडून माहीत होतं. एकोणीसच्या पत्रात मी चहा लिहिला, गूळ लिहिला, आरसा लिहिला. हे मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही आला नसता. याबद्दल मी माफी मागत नाही. माझं पोट शिवलेलं आहे आणि ते तुम्ही आलात म्हणून.

काल ते तुम्हाला म्हणाले ते सगळ्यांना म्हणतात तसं, की तुम्हाला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. नितेशना येणार नाही. त्यांना स्वतःलाही आता येणार नाही. तुम्ही ज्यांना विचारायला निघाला होता ते त्या घरात राहत नाहीत, ताई. उत्तर घेऊन गेले. अकोल्याला परत गेलात तरी तिथेही ते नाही.

फोनवर तुम्ही मध्येच 'बरं' म्हणता, म्हणून हे कागदावर लिहून नितेशच्या हाती देते. ते पाचच्या आत घरी पोचतील.

वर्गात तुम्ही सांगता, अशा वेळी वाद घालू नका, लक्ष दुसरीकडे वळवा. वळत नाही. मी सगळं करून पाहिलं. मग एक सापडलं, ते असं. 'जाय' म्हणाले की 'हो, निघते' म्हणायचं. चप्पल घालायची, पिशवी घ्यायची, आणि त्यांनी उघडलेल्या दारानेच बाहेर पडायचं. खरंच निघाल्यासारखं. ते आतून कडी लावतात. गल्लीत थांबायचं. मागच्या दाराने आत यायचं नाही, तिकडून आलेल्यावर ते काठी घेऊन धावतात. ते खाटेवर जाऊन बसल्याची कुरकुर ऐकू येते. तेवढ्यात ते विसरलेले असतात. मग कडी वाजवायची. दार त्यांनाच उघडू द्या. नितेश घरात असले तर त्यांना आधीच सांगून ठेवा, उठू नका म्हणून.

ते विचारतात, "कोन?" नाव सांगायचं नाही. 'मी' म्हणायचं.

दार उघडून ते म्हणतात, "अवं, इतक्या अंधाराची आली? ये, अंदर ये. जेवली काय?"

रोज म्हणतात. एकदाही चुकलेले नाहीत.

मी तिथून सरळ स्वयंपाकघरात जाते. तुम्ही काय करावं हे मला सांगता येणार नाही. पण 'जेवले' असं खोटं म्हणू नका. नाही म्हटलं की ते स्वतः वाढायला उठतात, आणि ताटं कुठे असतात ते त्यांना माहीत नसतं. तिथेच उभे राहतात. तेवढं सांगा त्यांना. ताटं मांडणीच्या मधल्या फळीवर आहेत.

गीतांजली